मंद्रूपची कुऱ्हाड

"मनात काही नसते, तर माणूस कुऱ्हाड घेऊन बाजारात कशाला जाईल? तो खूनच होता. वकिलाने जिभेच्या जोरावर कलम तीनशे दोनचे तीनशे चार करून घेतले."

हे मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की आता खोडून काढण्याचाही शीण येतो. तरी खोडतो. तो वकील मीच.

परवा ते पुन्हा, माझ्याच सोलापूरच्या घरात, माझ्यासमोर बसून बोलले गेले. वैरागहून एक शेतकरी आले होते. त्यांच्या मुलासाठी मंद्रूपची मुलगी पसंत पडली होती. मुलीचा बाप म्हणजे माझा तो जुना अशील, शिक्षा भोगून परतलेला.

"पोरगी लई चांगली हाय, वकीलसाहेब. पर खुन्याच्या घरची सोयरीक म्हणल्यावर भावकी काय म्हनंल?"

"त्याला खुनी कोणी ठरवले? तुमच्या भावकीने?"

"मानूस मेला न्हवं का त्याच्या हातनं?"

"मेला. ते मी न्यायालयातही नाकारले नाही."

"मग झालं की. मेलेल्याला काय फरक, दोन का चार?"

"मेलेल्याला नाही. त्या मुलीला पडतो, म्हणून तर तुम्ही इथवर आलात."

जे उभ्या हयातीत न्यायाधीशांपुढे मांडले, ते मी पुन्हा मांडू लागलो. कायदा प्रेतापाशी थांबत नाही. मारणाऱ्याच्या मनात काय होते, हे विचारतो. ठार करायचेच म्हणून मारले, तर खून. अचानक पेटलेल्या भांडणात, काही न योजता, रागाच्या भरात हात उठला आणि माणूस दगावला, तर सदोष मनुष्यवध. शिक्षा त्यालाही आहे. ही सवलत माझ्या जिभेची नव्हे. मी कोणत्याही न्यायाधीशापुढे कधी गयावया केलेली नाही.

बाजारादिवशी शेतकरी बोथट झालेली अवजारे लोहाराकडे आणतात, हे शहरात बसून मते बनवणाऱ्यांना ठाऊक नसेल. वैरागच्या शेतकऱ्याला तरी असावे. माझा अशील त्यासाठीच गेला होता. शेजारच्या रानाचा मालक मागाहून आला आणि आपला विळा आधी घ्यावा म्हणून अडून बसला. याने पाळी सोडली नाही, तेव्हा तो याच्या मेलेल्या आईवरून बोलला. फटका एकच बसला, डोक्यात. दवाखान्यात उचलून नेले तेही यानेच.

"पर मारलं कुऱ्हाडीनंच ना?" पाहुणे म्हणाले. "तेवढं सांगा. मग सुपारी फोडायची का न्हाय, ते मी बघतो."

मी सांगितले. भांडण लागले तेव्हा कुऱ्हाडीचे पाते याने स्वतःच्या हाताने काढून दिलेले होते आणि ते लोहाराच्या भट्टीत तापत होते. याच्या हातात उरला होता तो नुसता बाभळीचा दांडा.