आर्डिसची शेवटची संख्या

आमचा शेजारी व्हर्लिन टॉर्गरसन. अर्धा जन्म त्यानं गावच्या धान्यकोठारावर वायरमन म्हणून काढला आणि उरलेला बायकोच्या छंदाची टिंगल करण्यात. बायको, आर्डिस, शाळेत गणित शिकवायची. घरच्या कॉम्प्युटरवर ती जगभरच्या हौशी मंडळींबरोबर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायची. दोनला दोननं कोट्यवधी वेळा गुणायचं, एक वजा करायचा आणि उरेल ती संख्या मूळ आहे का, याची परीक्षा घ्यायची. कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे राबायचा. नेहमीच्या भागाकाराच्या उलट, या परीक्षेत शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर सोडून द्यायची. आर्डिसची बाकी कधीच शून्य आली नाही.

दुसऱ्या कुणाची तीच बाकी आल्याशिवाय ही मंडळी उत्तर खरं धरत नाहीत. "तू तपासून दे ना माझी," एकदा ती माझ्यासमोर त्याला म्हणाली. या गृहस्थानं टीव्हीचा आवाज वाढवला. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता.

आर्डिस गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी झाली, माणसं आपापल्या घरी गेली. मग त्याला कळलं की तिची काही उत्तरं अजून तपासायची राहिली आहेत. त्यानं स्वतःचं नाव नोंदवून ती सगळी मागून घेतली. एकेक बाकी तिच्या बाकीशी जुळली की मला फोन यायचा. "जुळलं, लोरेन." मी म्हणायची, बरं झालं. जिवंतपणी त्या दोघांचं खिडकी उघडी ठेवण्यावरूनसुद्धा जुळलं नव्हतं.

शेवटची संख्या राहिली. आर्डिसच्या वाढदिवसाच्या आत ती व्हावी म्हणून, मी नको म्हणत असताना, त्यानं खटपटी करून कॉम्प्युटरचा वेग वाढवला. यंत्र तापलं. उत्तर वेळेत आलं, पण जुळलं नाही.

मला वाटलं, संख्या मूळ निघाली की काय. तर म्हणे, शून्य त्याचंही नव्हतं, दोघांपैकी एकाचं चुकलं होतं एवढंच. नियमाप्रमाणे संख्या तिसऱ्याकडे गेली, कुणा अनोळखी माणसाकडे. आपलंच चुकलेलं निघू दे, अशी प्रार्थना व्हर्लिन करत होता. बर्फ पडत राहिला आणि त्याच्या दारापुढचा रस्ता कित्येक दिवस कुणी साफ केला नाही.

एका सकाळी तो स्वतःच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"आर्डिसचं बरोबर होतं. माझं चुकलं."

मी म्हटलं, मग झालं तर, तुला हेच हवं होतं. त्यानं नकारार्थी मान हलवली. मी कॉफी ओतली आणि सुचवलं, पुन्हा कर, आता सावकाश कर.

"आता कशाला? दोन उत्तरं जुळली की त्या संख्येचं काम संपलं."

त्यानं कप बाजूला सारला.

"तिचं शेवटचं उत्तर त्या परक्या माणसाशी जुळलं, लोरेन."