पाळण्याचा चौथा भाग

गॅरेज कितीही झाडा, लाकडाचा भुसा कोपऱ्यात थोडा उरतोच. टार्निट या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या आम्हा तिघा मित्रांचे लॉकडाऊनमधले किस्सेही असेच उरलेत. मला रोज डायरी लिहायची सवय, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच!

मी, शिरीष आणि पाठक. तिघेही आयटीवाले, तिघेही घरून कामावर. शनिवारी दुपारी सरकारी चॅनेलवर सुतारकामाचा कार्यक्रम लागायचा. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा शांतपणे रंधा मारायचे. गोंद लावून झाला की म्हणायचे, "आता चहा. गोंदाला घाई चालत नाही." आणि खरंच चहा प्यायचे! आम्ही आपापल्या घरी टीव्हीसमोर, व्हिडिओ कॉल चालू ठेवून बघायचो.

पाठकची मुलगी विचारायची, "बाबा, व्हेन डझ समथिंग हॅपन?"

पाठक म्हणायचा, "आत्ताच झालं की! गोंद वाळला!"

*

त्या हिवाळ्यात आजोबांनी झुलता पाळणा करायला घेतला, चार भागांत. शिरीषच्या बायकोला, मुग्धाला, तेव्हा सातवा महिना होता. शिरीषची आई साताऱ्यात, विमानं बंद. काकूंनी फोनवर एवढंच मागितलं, "मला येता येत नाही, ठीक आहे. पण बारशाला बाळ लाकडी पाळण्यात घाल. दुकानातला प्लॅस्टिकचा नको. आणि मला दाखव."

शिरीषने जन्मात खिळा ठोकला नव्हता. त्याने आधी एक्सेल उघडलं!

*

एकमेकांच्या घरी जायला बंदी, म्हणून कामं वाटून घेतली. बाजू शिरीषकडे, तळ माझ्याकडे, स्टँड पाठककडे. मापं कार्यक्रमाच्या वेबसाइटवर असतात म्हणे, पण ते पानच काढून टाकलेलं. मग मी डोकं लढवलं. टीव्ही पॉज केला, पट्टी लावून पडद्यावरचं माप घेतलं, दहाने गुणलं आणि डायरीत लिहिलं. पाठकलाही तसंच करायला सांगितलं.

माझा टीव्ही त्रेचाळीस इंची. पाठकचा पासष्ट!

त्याने शिरीषच्या दारात स्टँड ठेवला आणि लांबूनच ओरडला, "यात तू झोप रे! बाळाला शेजारी खुर्ची देऊ!"

स्टँड कापून लहान करण्यात दोन शनिवार गेले.

*

चौथा भाग लागलाच नाही. पाळणा टांगायचा कसा, ते त्यातच होतं. आधीच तो कार्यक्रम तासाचा अर्ध्या तासावर आला होता. आता दुपारी त्याच्या जागी घरं सजवण्याची स्पर्धा सुरू झाली. जोडपी घड्याळाकडे बघत एकमेकांवर खेकसत होती. गोंद वाळायला कुणी थांबेना.

"यांच्या भिंती पडणार," शिरीष म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आणि माझं बाळही पडणार."

*

मी चॅनेलच्या पत्त्यावर आजोबांना हाताने पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तेही हाताने लिहिलेलं. "चौथा भाग शूटच झाला नाही. अर्धा पाळणा माझ्या शेडमध्ये आहे, त्यात सध्या कोंबडी अंडी घालते." खाली दोरीच्या गाठीचं सुबक चित्र आणि एक ओळ: "बाळाआधी वीस किलो तांदूळ ठेवून बघा, मेट." मेट म्हणजे इथला 'मित्रा'.

शिरीषने बासमतीचं पोतं तीन दिवस झोपवलं. मुग्धा म्हणाली, "भाताला कधी एवढे लाड मिळाले नव्हते!"

*

बारसं बाराव्या दिवशी झालं. घरात फक्त शिरीष, मुग्धा आणि मुलगी. बाकी आम्ही तीसेक जण कॉलवर. काकूंनी साताऱ्याहून पाळणा म्हटला. शिरीषने पोरीला आत ठेवलं. पाळणा कुरकुरला नाही. ती झोपली.

मग कुणी कॉल सोडेना. सगळे म्यूटवर, एक पाळणा हलताना बघत बसलेले. तासभर! साताऱ्याच्या चौकटीत काकूंची मूठ मागेपुढे होत होती, दोरी धरल्यासारखी.

शेवटी काकूंनीच आवाज चालू केला. कुजबुजत म्हणाल्या, "शिऱ्या, सकाळपासून उपाशी आहेस. दोरी माझ्याकडे दे आणि जेवून घे."

शिरीषने पाळण्याची दोरी लॅपटॉपसमोर ठेवली आणि जेवायला गेला.