मॅडमचं स्वागताचं भाषण

आमच्या जर्मनच्या क्लासमध्ये आज नव्या शिक्षकांचं स्वागत होतं. संचालिका मॅडम मायेने सांगत होत्या, "मूल काही सांगायला आलं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा."

इथे शिकवायला लागले तेव्हा मीही हे असंच भारावून ऐकलं होतं. म्हणून तर गेल्या वर्षी, एक सर क्लास सुटल्यावर थांबवून अंगाला हात लावतात असं सांगणाऱ्या सातवीतल्या ईशाला मी विश्वासाने मॅडमकडे नेलं.

"सर तसे नाहीत गं. तुझा गैरसमज झाला असेल," मॅडम तिला म्हणाल्या, याच मायेच्या आवाजात. ईशाने माझ्याकडे पाहिलं. ती परत क्लासला आली नाही. तेच सर आज पहिल्या रांगेत बसले होते.

शेजारची नवी शिक्षिका कुजबुजली, "किती छान बोलतात ना?"

"हो," मी म्हणाले आणि उठून सगळ्यांना ईशाबद्दल सांगायला लागले.