पहिला नग घरी

आदरणीय मधुकरराव उमाळे यांची आणि माझी पहिली भेट कळमन्याच्या धान्यबाजारात, तुरीच्या पोत्यांजवळ झाली. मी तेव्हा तिथले वजनकाटे दुरुस्त करत असे. हातात बिस्किटांचा डबा धरून एक गृहस्थ आडत्याला विनवत होते, "शेठ, तुम्ही दाणा चावून ओल सांगा, मी यंत्रात टाकून सांगतो." धान्याची ओल मोजणारं त्यांचं पहिलं यंत्र त्या डब्यात होतं. आडत्या दाणा चावत म्हणाला, "साहेब, माह्या दाताले कोणी पेटंट देते का?" सगळे हसले. तीन वेळा दात आणि यंत्र यांचं एकमत झालं. चौथ्या वेळी बिनसलं, यंत्र म्हणालं कोरडं आणि आडत्या म्हणाला ओलं. पोतं उलटं केलं तर बुड ओलं निघालं, म्हणजे आडत्या खरा. लोक टाळ्या पिटत होते आणि मधुकरराव, म्हणजे पुढे आमचे सर, खाली उकिडवे बसून आपली चूक वहीत टिपत होते, चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद. मला हा माणूस आवडला. महिन्याभरात मी काटे सोडून त्यांच्याकडे लागलो, तो सोळा वर्षं राहिलो.

या गौरवग्रंथाच्या समितीनं मला विचारलं, "त्यांचं क्षेत्र कोणतं लिहायचं?" एकच कसं लिहिणार? विहिरीचं पाणी संपताच मोटर बंद करणारं यंत्र त्यांचं, यंत्रमागावर धागा तुटला की दिवा लावणारं त्यांचं, सलाइन संपत आल्यावर वाजणारंही त्यांचंच. प्रत्येकाचं पेटंट आहे. पण डॉक्टरांच्या सभेत ते 'शेतीवाले' ठरत, शेतीच्या मेळाव्यात 'दवाखान्याचे' आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांत 'बिनडिग्रीचे'. चहाच्या सुट्टीत सगळे आपापल्या घोळक्यात उभे राहत आणि सर कप घेऊन खिडकीपाशी. पाहुणा सगळ्यांचा, पण पंगत कुणाचीच नाही. पंचाहत्तरीचा हा ग्रंथ इतका सडपातळ का, ते वाचकांच्या लक्षात आलं असेल.

सलाइनच्या यंत्राची जन्मकथा माझ्या घरची आहे. माझी आई दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसल्या बसल्या माझा डोळा लागला, बाटली संपली आणि नळीत रक्त चढलं. नर्सनं धाव घेतली म्हणून निभावलं, पण मी पार खचलो. सर भेटायला आले, माझं ऐकून घेतलं आणि धीराचा एकही शब्द न बोलता निघून गेले. मला रागच आला. आठ दिवसांनी ते परत आले, तेव्हा हातात चिमट्याएवढं यंत्र होतं. ते बाटलीला लावलं आणि असं कर्कश वाजलं की नर्स म्हणाली, "सर, हे असं वाजून राहिलं तं पेशंटच उठून पळन!" सरांनी आवाज मऊ केला. मग मला म्हणाले, "आता झोप गा तू." सांत्वन करायची त्यांची रीत ही अशी.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. पहिला नग विकायचा नाही. तो धरमपेठेतल्या त्यांच्या घरी वर्षभर राहणार, घरच्यांच्या हातून वापरला जाणार आणि मगच दुसरा नग बनणार. माझ्या आईसाठी तेवढा त्यांनी हा नियम मोडला. घरचे म्हणजे एकट्या मालतीताई, सरांच्या पत्नी, मूलबाळ नव्हतं. ताईंच्या डाळीच्या डब्यात ओल मोजणारं यंत्र खुपसलेलं मी पाहिलं आहे. "जे मले समजलं नाही ते कोणाले समजन?" असं म्हणून त्या बटणांची जागा बदलायला लावत. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. यंत्र वाईट झालंय हे तोंडावर सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

मीही नव्हतो. त्याच्या आधीच मी मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत रुजू झालो होतो. सरांनी हसून निरोप दिला होता. पुढे मी दिवाळीला फोन करत राहिलो, आणि एखाद्या दिवाळीला तोही राहून गेला. त्याची मला लाज वाटते.

या लेखासाठी माहिती हवी म्हणून यंदा एका सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नवं पेटंट दाखवलं. एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी यंत्र आहे. स्वयंपाकघरातलं बटण सकाळी नऊपर्यंत कुणी दाबलं नाही, तर ठरवून दिलेल्या नंबरवर मेसेज जातो. पहिला नग नियमाप्रमाणे वर्षभर त्यांच्याच भिंतीवर होता. "तू येणार म्हणून आज चहा नाही टाकला," ते उत्साहानं म्हणाले. "पाह्य आता." आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. नऊ वाजले आणि सरांच्याच खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "घरात हालचाल नाही. कृपया विचारपूस करा." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोब्बर नऊ!"

"सर, हा तर तुमचाच नंबर आहे."

"हो ना."

"मग मेसेजचा उपयोग काय?"

ते फोन परत खिशात ठेवत म्हणाले, "मले काय समजत नाही का गा ते? पण मंग कोणाचा टाकू? फुकटचा कोणाले तरास."

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घंट्या बनवणाऱ्या माणसानं वर्षभर स्वतःची घंटा स्वतःच्या खिशात ठेवली होती. मी उठून त्यात माझा नंबर टाकला.

"तुले नऊले ड्युटी राहते," ते म्हणाले.

"राहू द्या."

पुढच्याच रविवारी नऊ वाजता माझा फोन वाजला. गाडी कशी काढली, सिग्नल किती तोडले, मला आठवत नाही. दार सरांनीच उघडलं. "आला का गा? चहा टाकायचाच राहून गेला पाह्य. आता आलाच आहे तं तूच टाक." त्यानंतरच्या रविवारीही चहा टाकायचा राहिला. त्यानंतरच्याही. सोमवार ते शनिवार, म्हणजे माझ्या ड्युटीच्या दिवशी, त्यांचं बटण एकदाही चुकलेलं नाही. मी यावर काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. सर हे छापील वाचून रागावतील, तर रागावोत.

मात्र दर रविवारी त्या दाराशी पोहोचेपर्यंत मी गाडीचा वेग कमी करत नाही. बेल दाबतो आणि दाराला कान लावतो. मधुकररावांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, ही सर्वांचीच इच्छा आहे. माझं मागणं थोडं वेगळं आहे. सहा दिवस माझा फोन गप्प राहो. सातव्या दिवशी नऊला तो वाजो, मी धावत जावं, आणि पुढची कितीतरी वर्षं दारामागून चपलांचा आवाज येऊन तोच प्रश्न कानी पडो, "आला का गा?"