‘आणि साथीदार’

रेकॉर्ड प्लेअरची मोटर मी सोडवून बाहेर काढली, तेव्हा श्रीपतचा चेहरा पडला. त्याने वस्तू चालू हालतीत आणली होती आणि मी तिचे तुकडे मांडून बसलो होतो.

“भाऊ, परत वाजंल ना?”

“आतापर्यंत वाजत होता. आता ऐकू येईल,” मी म्हणालो. धंद्यात थोडी फुशारकी लागते.

ही गोष्ट पोलादपूरकडच्या कापडे गावातली, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. महाडला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घरी जाऊन काम मी सहसा करत नसे. पण श्रीपतच्या आईला एसटी लागायची, आणि हा सगळा खटाटोप तिच्या कानांसाठी होता.

श्रीपत पाळण्यात असतानाच त्याचे वडील गेले. ते मुंबईला असताना गावकऱ्यांच्या जाखडी नाचाच्या मेळ्यात झील धरत. म्हणजे बुवांनी ओळ म्हटली की मागच्यांनी ती ओढायची. त्या मेळ्याची एक तबकडी निघाली होती. तिच्यावर बुवांचं नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि साथीदार’. वडील त्या साथीदारांत. त्यांचा आवाज कोणता, हे सांगू शकणारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि त्या माउलीला दिवसेंदिवस कमी ऐकू येत होतं. श्रीपतने मुंबईच्या भंगारबाजारातून प्लेअर पैदा केला, तबकडी लावली, तर गाण्याखाली नुसती घरघर. आई म्हणाली, काय कळत नाय.

या घरघरीला आम्ही रंबल म्हणतो. जुन्या प्लेअरमध्ये मोटर आणि तबकडीची थाळी यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. मोटरची थरथर चाकातून थाळीत जाते, थाळीतून सुईत. सुई बिचारी गाणंही उचलते आणि मोटरही. उपाय एकच, दोघांची फारकत. मी मोटर वेगळ्या फळीवर बसवली, खाली सायकलच्या ट्यूबच्या घड्या दिल्या. रबरी चाकाला रजा दिली आणि मोटरच्या दांड्यावरून थाळीभोवती बारीक दोरा फिरवला. थाळीचा वेग जरा उतरला, तो दांड्यावर टेप गुंडाळून जुळवला.

आता प्लेअरला जड बैठक हवी होती. घरातलं टेबल डुगडुगतं. पडवीत जात्याची खालची तळी पडून होती, तिचा मधला खिळा कधीच निघालेला. गावात चक्की आल्यापासून तिला कोणी विचारत नव्हतं. श्रीपत आणि मी ती कशीबशी आत आणली.

“घरघर थांबवाया जातं आणलंत होय?” मावशींनी, म्हणजे श्रीपतच्या आईने विचारलं. कान गेले होते, जीभ शाबूत होती.

सुई टेकवली. गाणं सुरू होण्याआधी तबकडीच्या कडेला थोडा कोरा भाग असतो. तिथे पूर्ण शांतता. मी खूश झालो. मग गाणं सुरू झालं, आणि त्याच्या तळाशी पुन्हा ती घरघर. आधीपेक्षा बारीक, पण होतीच. मला संताप आला. एवढं करून रंबल शिल्लक राहतो म्हणजे काय? मग ठरवलं, एक कपॅसिटर टाकून खालचे आवाज सरळ कापून टाकायचे. सोल्डरिंग गन तापत ठेवली.

मावशी स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवून बसल्या होत्या.

“मावशी, ही घरघर काढून टाकतो, मग बघा,” मी मोठ्याने सांगितलं.

“हे हायत,” त्या म्हणाल्या.

त्यांनी भलतंच काही ऐकलं असावं, असं मला वाटलं. “हे काय आहे?” मी विचारलं.

श्रीपतने माझं मनगट धरलं. “भाऊ, थांबा. आये बाबांचं नाव घेत नाय. ‘हे’ म्हणते.”

मी सुई पुन्हा सुरुवातीला नेली आणि बाकी गाणं सोडून फक्त त्या घरघरीकडे कान दिला. दर ओळीनंतर ती थांबत होती. श्वास घेण्याइतकीच. मोटर श्वास घेत नाही. बुवांची ओळ संपली, मागचे सगळे थांबले, तरी तो खर्ज क्षणभर एकटाच पुढे जात राहिला.

“त्यापायी बुवांच्या शिव्या खायचे,” मावशी म्हणाल्या. “समदी गप झाली तरी यांचं आपलं चालूच.”

आयुष्यभर मी आवाजांशी खेळत आलो, पण केसाएवढ्या खाचेत एक माणूस इतकी वर्षं दम धरून बसलेला मी पहिल्यांदा ऐकला. म्हातारपणी आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, खालचे टिकतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे त्या अख्ख्या मेळ्यातून मावशींना नीट ऐकू येईल असा आवाज नेमका श्रीपतच्या वडिलांचाच होता. आणि मी तोच कापायला निघालो होतो.

गाणं संपल्यावर श्रीपत म्हणाला, “परत लावा.”

मी गनचा प्लग काढला आणि सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली.

पुढे दुकानात हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट शिकवली. फॉल्ट काढण्याआधी तो श्वास घेतो का, तेवढं बघत जा.