टोपली वर होईस्तोवर

सावली तालुक्यातल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, एका गावात रीताला सगळे 'कम्प्युटरवाली' म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणाच जास्त. बाईला त्याचं काही वाटत नसे. सावलीच्या कम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या दिवशी माऊस उलटा धरला तेव्हा पोरं फिदीफिदी हसली होती. परीक्षेत तीच पोरं तिच्या मागे राहिली. दोन हजार तीन साली ती मूल या गावी गुलाम रसूलभाईंच्या राइस मिलवर ऑपरेटर म्हणून लागली. रोज एस.टी.नं जायची, संध्याकाळी येऊन चूल पेटवायची, आणि वर म्हणायची, यात काय मोठं?

मिलमध्ये नागपूरहून आणून एक नवा प्रोग्राम बसवला होता. भलताच हट्टी. वजन, वाळवण, भरडाई, पोत्यांची शिवण, अशी एकेका कामाची एकेक चौकट. पुढची चौकट मोकळी झाल्याशिवाय मागचा माल पुढे सरकूच देत नसे. हमाल वैतागले, मुनीम तर रुसूनच बसला. पण आवारातले ढिगारे गेले आणि पावसात धान भिजणं थांबलं, तेव्हा मुनीमही मुकाट्यानं बटणं दाबायला लागला. रीताच्या डोक्यात मात्र धान नव्हतं, गावचा तलाव होता.

कारण मागच्या उन्हाळ्यात गावानं आपली फजिती आपल्याच हातानं करून घेतली होती. तलावाचं पाणी उतरलं की मच्छीमार सोसायटीची मासेमारी व्हायची, आणि ज्याचं जाळं आधी बाहेर तो मर्द, अशी तिथली इभ्रत. सगळ्या टोळ्यांनी उजाडताच जाळी ओढली. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासोळीचा ढीग, वजनाचा काटा एकच, आणि बर्फाची गाडी अजून वाटेतच. ऊन चढलं, कल्ले पांढरे पडले. नागपूरचा व्यापारी भैयाजी नाकाला रुमाल लावून म्हणाला की पुन्हा असा माल दाखवला तर तो या गावची वाट विसरेल. दुसरा व्यापारी होता कुठे?

म्हणून या वर्षी रीता सोसायटीच्या बैठकीत उभी राहिली. काडीनं मातीत चौकटी काढल्या आणि सांगितलं की मासोळी पाण्यात आहे तोवर ताजीच असते, तिला बाहेर काढायची घाई कशाला? पाळीवरच्या बायांनी टोपलीत बर्फ अंथरून ती वर केली, की एका टोळीनं ओढायचं. त्या मालाचं वजन झालं, की दुसरीनं. अध्यक्ष पोचूभाऊ मिशीतल्या मिशीत हसले. बायांच्या इशाऱ्यावर पुरुषांनी जाळं ओढायचं? शेवटी भैयाजीची धास्ती कामी आली.

"एक डाव पाहू," पोचूभाऊ म्हणाले. "बिघडलं त पुन्हा बैठकीत तोंड उघडाचं नाई."

पहिला नंबर लागला सुरेंद्रच्या टोळीचा. सुरेंद्र म्हणजे रीताचा नवरा.

आणि नेमका त्याच दिवशी बर्फाच्या गाडीचा टायर फुटला! एका सायकलवाल्यानं येऊन तसा निरोप दिला. सुरेंद्र छातीभर पाण्यात, जाळ्यात मासोळी उसळतेय, आणि पाळीवर रीता टोपली खाली धरून उभी. ऊन वर आलं. आपापली जाळी मांडून थांबलेल्या बाकीच्या टोळ्या खदखदा हसू लागल्या. पोचूभाऊंनी तर सरळ ओढायलाच सांगितलं. रीतानं टोपली खालीच ठेवली. नवऱ्यानं ओढलं तर सगळीच जाळी बाहेर येणार, माल सडणार, आणि तिचं तोंड कायमचं बंद. नाही ओढलं तर गावभर त्याचं हसं. हाक मारावीशी वाटली, पण तिनं मारली नाही.

"बायकोच्या हुकमाची वाट पाहून राह्यला का बे?" पलीकडच्या टोळीतल्या लालसूनं विचारलं.

"हो, पाहून राह्यलो," सुरेंद्र म्हणाला. "बर्फ नाई, त मासोळी पाण्यातच बरी. तुले सडवाची असन त तू ओढ."

लालसूचे हात जाळ्यावरच राहिले. कोणीच ओढलं नाही.

गाडी आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. बायांनी भराभर बर्फ फोडला, रीतानं टोपली डोक्याच्या वर धरली आणि सुरेंद्रनं जाळं ओढलं. दुसऱ्या टोळीसाठी टोपली उचलायला खुद्द पोचूभाऊ पुढे झाले. म्हणे, बाईचे हात दुखले असतील. लबाड माणूस! भैयाजीनं एकेक कल्ला उचलून पाहिला, सगळे लालभडक. घासाघीस न करता त्यानं माल गाडीत चढवला आणि पुढच्या वर्षीची तारीख विचारली. रीताला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी सुरेंद्र अंगणात पाय शेकत बसला. पाण्यात राहून तळवे पार सुरकुतले होते.

"एक चौकट राह्यली तुही," तो म्हणाला. "बर्फाची गाडी फाट्यावर दिसली, की मंगच जाळं मांडाचं. माणूस काऊन भिजत ठेवाचा?"

रीतानं मनातल्या मनात चौकटी पुन्हा मोजल्या. खरंच राहिली होती की!

"मंग बैठकीत काऊन नाई सांगतलं?"

"बैठकीत मले कुठी समजलं होतं? तवा मी फक्त तुह्यासाठी हो म्हटलं. पाण्यात उभा राह्यलो, मंग समजलं."