काकडीवालीचं गोणपाट

माझी प्रवासी नेणारी पेट्रोलची जीप सकाळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, पण कशेळ्याच्या बाजारात दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा चालू व्हायचं नाव घेत नसे. कर्जतच्या मेकॅनिकचे हात मोकळे होईपर्यंत ती गार व्हायची आणि त्याच्यासमोर शहाण्यासारखी सुरू व्हायची. मग तो माझ्याकडेच संशयाने बघायचा. मी बॅटरी बदलली, प्लग बदलले.

शेवटी चिडून मी त्यालाच भर उन्हात कशेळ्याला नेलं. जीप नेहमीसारखी अडली. त्याने बॉनेट उघडलं, शेजारच्या काकडीवालीच्या पाटीवरचं ओलं गोणपाट मागून घेतलं आणि इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर घातलं. थोड्या वेळाने जीप सुरू झाली.

"तापून आत पेट्रोलची वाफ होते. मग पंप ओढणार काय, कपाळ?"

त्या उन्हाळ्यात ओलं गोणपाट घेऊन येणाऱ्या काकडीवालीची पुढची सीट कायमची ठरली. इतकी वर्षं स्टिअरिंग मी धरलेलं, पण गाडीत पाय टाकण्याआधी माणसं माझ्याकडे बघतसुद्धा नसत. आत डोकावून विचारत, "मावशी हाय ना? मग चढा रं."